दाजी अजून उतरले नाहीत

आमचे सायमनदाजी शिबिराहून परतले की दोन दिवस इकडची काडी तिकडे करत नाहीत. दुधाची पिशवी आणा म्हटलं तर डोळे मिटून सांगतात, "मी अजून उतरलो नाही गं." म्हणजे त्र्यंबक रोडच्या पुढं डोंगरावर उपवास-प्रार्थना असते, तिथून. देह शरणपूरच्या घरात लोळतोय, पण माणूस अजून वरच.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, रूथताईचे यजमान. तीन वर्षांपूर्वी लकव्यात ताईचं उजवं अंग गेलं. मी शेजारीच राहते, त्यामुळं तिचं सगळं माझ्याकडे. दाजी प्रभूची स्तुती करतात, मी चादरी बदलते.

एका ईस्टरला तर त्यांनी चर्चमध्ये भर मंडळीत उभं राहून साक्ष दिली, की प्रभूनं मला दाखवलंय, आज रूथ चालणार. व्हीलचेअर पार पुढं नेली. सगळे हात वर करून गायला लागले. ताईनं मला खुणेनं बोलावलं आणि कानात सांगितलं, लघवीला जायचंय. नेलं कोणी? मीच.

गेल्या महिन्यात मोरीत घसरून माझं मनगट मोडलं. हाताला प्लास्टर घालून ताईकडे गेले, तर दाजी बॅग भरून दारात. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, देवानं हात काय नुसते वर करायला दिलेत? बायको दोन दिवस बिनआंघोळीची पडलीय, अन् तुम्ही निघालात आशीर्वाद घ्यायला.

दाजी तिथंच पायरीवर बसले. म्हणाले, "तिथं डोळे मिटले की ती चालताना दिसते गं. बाजारातून येते, पिशवी माझ्या हातात देते. इथं डोळे उघडावेच लागतात."

मला दया आली, आणि दया आली याचाही रागच आला.

"पडलीय तीच तुमची बायको आहे," मी म्हटलं. "पाणी काढा."

काढलं त्यांनी. फडकं धड पिळता येईना, अर्धं पाणी गादीवर. मग ते ताईचा उजवा पाय पुसायला लागले. "गार लागतंय का?" त्यांनी विचारलं.

त्या पायाला तीन वर्षांत चटकासुद्धा कळलेला नाही. ताई त्यांच्याकडे बघत राहिली.

"हो," ती म्हणाली. "जरासं."

दाजी लगबगीनं पाणी तापवायला गेले. मला मात्र तिनं कधी गार लागल्याचं सांगितलं नव्हतं.