सासूबाईंच्या मुकुटातली गोगलगाय

रविवारी चर्चमध्ये गाणं ऐन रंगात आलं असताना तिहोतीला सासूबाईंच्या डोक्यावर गोगलगाय दिसली.

दुसऱ्या कुणाला दिसली असती तर तो गालात हसला असता आणि विसरून गेला असता. तिहोतीला मात्र घाम फुटला. तो मोरेआ बेटावरच्या गोगलगाईंचा राखणदार. फार पूर्वी कुणा शहाण्यानं पिकांवरची कीड मारायला बाहेरून एक मांसाहारी गोगलगाय आणली. तिनं कीड सोडली आणि आमच्या झाडांवरच्या नखाएवढ्या, गरीब गोगलगाई मटकावल्या. परदेशातल्या प्राणिसंग्रहालयांत थोड्या उरल्या होत्या, त्या गेल्या वर्षी परत आणून दरीतल्या कुंपणात सोडल्या. तिहोतीला त्यांचा भारी लळा. घरी निघताना तो त्यांचा निरोप घ्यायचा, तेही टोपी काढून.

पाहणीसाठी फ्रान्सहून डॉक्टर मिरेय आल्या होत्या. आठवडाभर त्यांनी भिंग घेऊन कुंपणातलं पान अन् पान उलटलं. एकही सापडली नाही. "उद्या शेवटचं बघू," त्या काल म्हणाल्या होत्या, "नाहीतर हे सगळं बंद." तेव्हापासून तिहोतीच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

आणि आता ही बया सासूबाईंच्या, म्हणजे मोएआताबाईंच्या मुकुटावर शिंगं हलवत बसली होती! नेच्याच्या ताज्या पानांचा मुकुट होता तो. दर रविवारी सासूबाई नवा विणत. तिहोतीच्या डोक्यात भराभर हिशेब जुळला. या गोगलगाई कुंपणाबाहेर कुठंच नव्हत्या, आणि कुंपणातलं पानही तोडू नये, अशी पाटी त्यानं स्वतः रंगवली होती. म्हणजे सासूबाई कुंपणात शिरत होत्या आणि रविवारमागून रविवार सगळं गोकुळ डोक्यावरून चर्चला आणून कचऱ्यात टाकत होत्या. आणि डॉक्टरीणबाई तर समोर पाहुण्यांच्या बाकावर बसलेल्या!

आमच्या गाण्यात बायका पुढे बसतात, पुरुष मागे, आणि सगळे मिळून डोलतात. तिहोतीनं डोलता डोलता पुढे बसलेल्या आपल्या बायकोच्या कानाशी तोंड नेलं.

"हेरेइती, आईचा मुकुट काढ."

"वेड लागलंय का? गाणं चाललंय."

"वर गोगलगाय आहे."

"तुला तर हल्ली आमटीतपण गोगलगाय दिसते. सूर धर!"

गोगलगाय आता कडेला येऊन डॉक्टरीणबाईंच्या दिशेनं मान लांबवू लागली. तिहोतीनं एका मोठ्या हेलकाव्याबरोबर हात पुढे टाकला. गोगलगाय पानाला चिकटलेली, पान मुकुटात गुंतलेलं, मुकुट अंबाड्यात अडकलेला. हात मागे आला तेव्हा त्यात चारही गोष्टी होत्या. अंबाडा विकतचा आहे हे गावाला त्या दिवशी कळलं.

बायकांचा सूर तुटला. आमच्या चर्चमध्ये वादळात छप्पर उडालं तेव्हाही गाणं थांबलं नव्हतं.

"जावईबापू," मोएआताबाई सावकाश वळल्या, "डोकं तेवढं ठेवता का माझं, का तेही नेताय?"

पाद्रीबाबा चष्म्यावरून बघत राहिले. डॉक्टरीणबाई उठून आल्या. लपवायला आता काही उरलंच नव्हतं. तिहोतीनं मुकुट त्यांच्यापुढे धरला.

"बाई, शिक्षा मला करा. त्यांना नियम माहीत नव्हता."

"कसला नियम? कुणाला माहीत नव्हता?" सासूबाई कडाडल्या.

डॉक्टरीणबाईंच्या गळ्यात चर्चमध्येही भिंग होतं. त्यांनी गोगलगाय उलटसुलट करून पाहिली, मग पुन्हा एकदा पाहिली. "हिच्यावर लाल ठिपका नाही."

"पुसला गेला असेल बाई," तिहोती रडवेला होऊन म्हणाला.

"तो पुसला जात नाही! सोडलेल्या प्रत्येकीच्या शंखावर आम्ही ठिपका दिला होता. हिच्यावर नाही, म्हणजे ही कुणी सोडलेली नाही. ही इथंच जन्मली! तिहोती, अरे, त्यांना पिल्लं झाली!"

आणि भर चर्चमध्ये त्यांनी त्याचे दोन्ही गाल चुंबले. पाद्रीबाबा खोकले. तिहोती मटकन बाकावर बसला आणि पोरासारखा रडला. आठवडाभराचं ओझं उतरलं होतं. सासूबाईंचा अंबाडा मात्र अजून त्याच्या मांडीवरच होता.

"पण ही पानं कुठली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मुकुटाची पानं कुठं मिळतात ते मी पोटच्या पोरीलाही सांगत नाही," मोएआताबाई म्हणाल्या.

"मोएआता, आज सांग," पाद्रीबाबा म्हणाले.

"आत्ता तुम्हीच म्हणता म्हणून. कुंपणातली नाहीत. पाटी वाचता येते मला. बाहेर पहाऱ्याच्या झोपडीमागं दाट नेचे आहेत ना, तिथली. बारक्या बारक्या कितीतरी असतात तिथं. मी तिथंच हलक्या हातानं झटकून घेते, ही एक चुकून राहिली. जावईबापूंना विचारा की, त्यांच्या उशाशीच तर आहेत. पण ते घोरत असतात, म्हणून मी उठवत नाही."

सगळं चर्च तिहोतीकडे बघू लागलं.

"कामावर झोपतोस?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कधीतरी... डुलकी."

"रोज," सासूबाई म्हणाल्या.

 गोगलगाय डॉक्टरीणबाईंच्या तळहातावर निवांत चालली होती.

"तर मग झोपायची जागा मुळीच बदलू नकोस," त्या म्हणाल्या. "कुंपणापेक्षा त्यांना तुझं घोरणं मानवलेलं दिसतंय."