जेलीफिशवाल्या बाई

झोपलेल्या माणसाला उठवणं म्हणजे इंदूबाईंच्या लेखी दरोडा. एकदा एसटीत कंडक्टर एका म्हाताऱ्याला हलवायला गेला, "आजोबा, तेर आलं." बाईंनी त्याचा हातच धरला. "निजू द्या की! लई गाढ लागलीय." म्हातारा थेट धाराशिवात जागा झाला आणि बोंबलायला लागला. परतीच्या गाडीत बाई त्याच्या शेजारी बसून त्याला तेरला घेऊन आल्या आणि वाटभर विचारत राहिल्या, "पण झोप कशी झाली?"

बाई आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. आता निवृत्त झाल्यात. आमच्या शेजारीच राहतात, एकट्या. समुद्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. पण जेलीफिशवर बोलायला लागल्या की जणू माहेरच्या माणसाबद्दल सांगतात.

"न मेंदू, न हाडं, न काळीज. नुसती पाण्यातली छत्री, उघडझाप करणारी. तरी रात्री तिची उघडझाप मंदावते. शास्त्रज्ञांनी पाणी हलवून तिची झोपमोड केली, तर दुसऱ्या दिवशी बया सुस्त! अर्थ काय? आधी झोप आली, मेंदू मागून आला."

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी मागच्या बाकावर घोरणारं पोरगं दाखवलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, त्याचं मेंदूच्या आधीचं काम चाललंय. तुमचं मागनं बघू."

गावात हसायचे सगळे. मीही हसायचो.

यंदा सोयाबीनच्या राशीला, मळणीच्या धांदलीत, आईला चक्कर आली. पहाटे चारला उठून भाकरी, मग रान, मग जनावरं. आई जमिनीला पाठ कधी लावते, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. आई घरी आली आणि तडक झाडू घेऊन उभी राहिली.

भिंतीपलीकडून बाई आल्या. आईच्या हातातला झाडू काढून घेतला. "शांताबाई, आडव्या व्हा."

"दुपारचं लोळल्यावर माणसं काय म्हणतील, बाई?"

"जेलीफिशला कोण काय म्हणतंय?"

"त्याला सासर न्हाय म्हणून!" आई म्हणाली. पण पडली.

बाई दार ओढून ओट्यावर येऊन बसल्या. मी चेष्टेनं विचारलं, "बाई, हे झोपेचं वेड कुठून लागलं तुम्हाला?"

बाईंनी सांगितलं. "माझी आई ऊसतोडीला जायची, ढोकीच्या बाजूला. मी उठायच्या आधी उठलेली, मी निजल्यावर जागी. तिला झोपलेलं कधी बघितलंच नव्हतं. एक दिवस दुपारी कोपीत, आमच्या पाचटाच्या झोपडीत, ती निजलेली दिसली. इतका आनंद झाला म्हणून सांगू! दारात बसून राहिले. जो येईल त्याला म्हणायचे, हळू बोला, आई निजलीय. मुकादमालासुद्धा आत सोडलं नाही." बाईंनी ओढलेल्या दाराकडे पाहिलं. "संध्याकाळी शेजारणीनं आत जाऊन बघितलं, तेव्हा कळलं."

बाईंनी एकदम बोट वर केलं आणि दाराला कान लावला. आतून आईचं घोरणं ऐकू येत होतं, जुन्या इंजिनासारखं.

"ऐक," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं. "कसं झकास घोरायलीय बघ."

मग पदरानं तोंड पुसून त्यांनी ओट्यावर पाय लांब केले आणि तिथंच बसून राहिल्या.