वाटणीची कोंबडी

आमच्या वन्संची पत्रं कोंबडीपासून सुरू होत. माणसांची पाळी शेवटी, तीही कार्डावर जागा उरलीच तर. त्या पत्रांचा गठ्ठा अजून माझ्या ट्रंकेच्या तळाशी आहे. परवा सहज वरचं कार्ड काढून वाचलं. 'तांबडी खुडूक झाली. पांढरीवर घारीनं झडप घातली, पण ती हिमतीची, वाचली. तुरेवालीनं अंडी घालायचं बंद केलंय, तिला दम दिलाय. मला चार दिवस ताप होता. काळी बरी आहे.' तापाला दोन कोंबड्यांच्या मधे तरी जागा मिळाली हे आमचं नशीब. एरवी तोही आम्हाला कळला नसता.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. हे त्यांना आक्का म्हणत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून त्या बेळगुंदीला माहेरी परत आल्या आणि आईवेगळ्या भावाला त्यांनीच लहानाचं मोठं केलं. भाऊ शिकला, बेळगावात शाळेच्या कचेरीत कारकून झाला, आणि माझ्याशी लग्न करून टिळकवाडीत बिऱ्हाड थाटून बसला. वन्सं बेळगुंदीत राहिल्या, कोंबड्यांबरोबर. माझं माहेर निपाणीचं. आमच्या गल्लीत बारा महिने तंबाखूशिवाय दुसरं बोलणं नसे, त्यामुळे कोंबड्यांचा हा पत्रव्यवहार मला अगदीच नवा होता.

वन्संना अक्षरओळख नव्हती. पत्र गावातले गुरुजी लिहून देत. पण वन्सं कुणाकडून काही फुकट घेणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि गुरुजी अंड्याला शिवणाऱ्यातले नव्हते. तेव्हा वन्सं अंडी बेळगावच्या लष्करी कँपातल्या खानसाम्याला देत आणि त्याच्याकडून काड्यापेट्या घेत. काड्यापेट्या खासबागेतल्या विणकराला देऊन पंचा आणत. पंचा गावातल्या एका शेतकऱ्याला देऊन रताळी घेत, आणि रताळी गुरुजींच्या घरी पोचती करत. गुरुजी ती एकादशीला शिजवून खात. त्यांचा उपास मुळात अंड्यांवर चालला आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. वन्संनी मात्र हा सगळा प्रवास आम्हाला एका कार्डात कळवला होता, आणि ते कार्डही गुरुजींनीच लिहिलेलं होतं! लिहिताना त्यांचं लक्ष कुठे होतं देव जाणे.

ते युद्धाचे दिवस. दुकानात रॉकेल नाही, साखर नाही, कापड नाही. लोकांच्या हातात पैसा असून उपयोग नव्हता, आणि वन्संना तर तो कधीच आवडला नव्हता. खानसाम्यानं एकदा रोख पैसे पुढे केले तर म्हणाल्या, "ते काय अंडी घालतंय व्हय? ठेव तुझ्याजवळ." हा त्यांचा आवडता सवाल. शेजारणीनं नवी पाटली दाखवली, "लई छान. अंडी घालतीय व्हय?" ह्यांना कचेरीत बढती मिळाली तेव्हाही कार्डावर अभिनंदनाच्या जागी हाच सवाल आला.

एका कोंबड्याच्या बदल्यात त्यांनी त्याच खानसाम्याकडून एक जुना खाकी कोट मिळवला होता. गुडघ्यापर्यंत यायचा. नऊवारीवर तो चढवून त्या दाणे टाकायला अंगणात उतरल्या की गल्लीतली कुत्री आपण होऊन रस्ता सोडत.

पण कळस केला तो आमच्या लग्नात. माझ्या वडिलांनी त्यांना मानाचं लुगडं दिलं. त्यांनी ते मुकाट्यानं घेतलं आणि डालग्यातला कोंबडा काढून वडिलांच्या हातात दिला. "ह्ये काय?" वडील म्हणाले. "बदली," वन्सं म्हणाल्या. तोवर भटजींनी अंतरपाट धरला. वडील एका हातात अक्षता आणि दुसऱ्या बगलेत कोंबडा घेऊन तसेच उभे राहिले. मंगलाष्टकात भटजींनी जिथे जिथे श्वास घेतला, तिथे तिथे कोंबड्यानं सूर लावला. निपाणीत लोक अजून त्या लग्नाची आठवण काढतात. नवरानवरी कशी होती हे मात्र कुणाला आठवत नाही.

लग्नानंतर आमचं बेळगुंदीला जाणं राहूनच गेलं. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. पुढच्या रविवारी जाऊ म्हणायचं आणि पुढचा रविवार आला की कचेरीचं काहीतरी निघायचं. वन्संच्या कुठल्याच कार्डात 'या' हा शब्द नसे. मला वाटे, बाईंना कोंबड्या पुरे आहेत, आपली अडचणच होईल.

एका सकाळी वन्सं डोक्यावर डालगं घेऊन बेळगुंदीहून चालत थेट आमच्या दारात उभ्या राहिल्या. डालग्यात कोंबडी आणि उबवायची अंडी. कोंबडीची मान ताठ, चाल सरकारी, म्हणून तिचं नाव कलेक्टरीण.

"ही वाट्यानं देतो तुमास्नी," वन्सं म्हणाल्या. हे "आक्का, अगं..." म्हणेपर्यंत त्या अटी सांगून मोकळ्याही झाल्या. आमच्याकडची ही जुनी रीत. कोंबडी धनिणीची, दाणापाणी सांभाळणाऱ्याचं, पिल्लं निम्मी निम्मी. वाटणी धनिणीच्या अंगणात, दोन्ही घरच्या माणसांसमोर. पिल्लं विषम निघाली तर शेवटचं एक सामाईक. ते मोठं होऊन त्याची वाटणी होईपर्यंत व्यवहार उघडा.

कलेक्टरीण आमच्या जळणाच्या खोलीत रुजू झाली. घरमालक पेन्शनीतले, सोवळ्यातले. पहिले तीन आठवडे ती आत अंड्यांवर बसून होती तोवर त्यांना पत्ता लागला नाही. पिल्लं निघाल्यावर मात्र ती सगळा लवाजमा घेऊन दौऱ्यावर निघाली आणि तिनं पहिली पाहणी केली ती मालकांच्या तुळशीवृंदावनाची. माती उकरून मुळं वर काढली. मालक धोतर सावरत आले आणि म्हणाले, "एक तर ही राहील, नाहीतर तुमचं बिऱ्हाड."

"मिटवून टाकू एकदाचं," हे म्हणाले. "कोंबडी आक्काला परत, पिल्लंही सगळी तिलाच. आठ आहेत, सम आहेत, काही लोंबकळत राहायला नको." मीही मान डोलावली. मला तर त्या खोलीचा वास सोसवत नव्हता.

बेळगुंदीला पोचलो तेव्हा अंगण सारवलेलं होतं, चुलीवर भाकरी होती. वन्संनी आधी कलेक्टरणीला उचलून तिचा गळा चाचपला, मग आमच्याकडे पाहिलं. ह्यांनी मालकाची सगळी हकिकत सांगितली.

"म्हंजे ही परत न्हाय न्हेनार?"

"नाही आक्का. आमचा वाटाही तूच ठेव. मिटलं सगळं."

"मिटलं व्हय," त्या म्हणाल्या. "बरं."

व्यवहार चोख होता, त्यात बोट ठेवायला जागाच नव्हती. त्यांनी ह्यांना पाय धुवायला विहिरीवर पाठवलं आणि मला पाट मांडायला आत. तांब्या घ्यायला म्हणून मी परत दाराशी आले, तर वन्सं डालग्यापाशी उकिडव्या बसलेल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, ओच्यातून स्वतःच्या काळीचं एक इवलंसं पिल्लू काढलं आणि हळूच आमच्या आठांत सोडलं.

हे आले तशा त्या ओरडल्या, "बाळू, नऊ हायती की रं ही! काय मोजलास?"

"आठ होती आक्का."

"कचेरीत काम करतोस न्हवं? हे बघ. नऊ. आता कशी वाटणी हुईल? एक सामाईक र्‍हायलं, ते सोडून देता येत न्हाय. माज्याकडं वाढंल ते, पर वाटणीला यावं लागंल तुमास्नी. रीत हाय."

ह्यांनी पुन्हा पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे वळले. "आठच होती ना गं?"

वन्सं माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर काळीच्या पिल्लावर होती, आणि त्यांचा हात डालग्याच्या काठावर घट्ट आवळला होता. तेव्हा मला लख्ख कळलं. जन्मात कुणाकडे फुकट काही न मागितलेली ही बाई, भावाला 'ये' असं तरी फुकट कसं म्हणणार?

"नऊच होती," मी म्हणाले. "मीच मोजलेली. तुम्ही कचेरीत होता."

हे डोकं खाजवत आत गेले. वन्सं उठल्या, लुगड्यावरची धूळ झटकली आणि माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "खोटं बोललीस माज्यापायी. काय देऊ बदली?"

मला हसू आलं आणि रडूही. म्हणाले, "काही नको वन्सं. एकदा ह्यांना नुसतं 'ये रं बाळू' म्हणा. कोंबडी नको, वाटणी नको."

आत ह्यांनी पाट सरकवल्याचा आवाज आला. वन्संनी त्या दिशेला तोंड वळवलं, ओठ हलवले, आणि पुन्हा मिटले.

"लई म्हाग सांगतीस गं पोरी," त्या म्हणाल्या, आणि पदराचं टोक डोळ्याला लावलं.