सानगडीचं नौदल

शालिकभाऊ कुठलीही गोष्ट सांगण्याआधी दोन्ही बाजूंना पाहतात, मान पुढे काढतात आणि टपरीवरच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणतात, "हे गोपनीय हाये बरं." त्यामुळे आमच्या सानगडीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे की शालिकभाऊ देशाच्या नौदलासाठी गुप्त यंत्र बनवून राहिले आहेत.

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही. शालिकभाऊंनी तो कधी पाहिलेलाही नाही. मी ही अडचण त्यांच्या ध्यानात आणून दिली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "पाणी ते पाणी. मीठ सरकार टाकन."

त्यांचा मूळ धंदा शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून देण्याचा. सरकारने लहान उद्योगांकडून सैन्यासाठी नवी यंत्रं मागवली, ती जाहिरात त्यांच्या वाचनात आली, आणि दुकानाची पाटी बदलली. आता वर मोठ्या लाल अक्षरांत 'शालिक संरक्षण संशोधन केंद्र' आहे. खाली, कुंपणाबाहेर उभं केल्यासारखं बारीक अक्षरांत, 'येथे पाण्याच्या मोटारी भरून मिळतील.'

यंत्र आहे पाण्याखालून चोरून पोहत येणारा शत्रूचा माणूस ऐकण्याचं. स्टीलच्या डब्यात माइक, भोवती गोडं तेल, झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी, आणि डबा तलावाच्या तळाशी. तिथून वायर काठावरच्या बॅटरीपर्यंत येते. तिच्या टोकाला डोक्यावर घालायचा एक पट्टा असतो. तो कानावर नाही, कानामागच्या हाडावर बसतो.

"हाडावर कायले वो भाऊ?" मी विचारलं.

"लढाईत शिपायाचे कान मोकळे पायजे. नाही तं साहेबाचा हुकूम कोण आयकन?" उत्तर त्यांच्याकडे असं हजर असतं.

पहिला शत्रू सापडला त्या दिवशी ते डोळे मिटून म्हणाले, "जड हाये. सावकाश येऊन राहिला. गडी एकटा नाही." थोड्या वेळाने शेजाऱ्याच्या दोन म्हशी पाण्याबाहेर आल्या. मग त्यांनी घाटावर 'चाचणी चालू, कपडे आपटू नये' असा फलक लावला. त्या दिवशी बायांनी धुतलेल्या कपड्यांइतके स्वच्छ कपडे सानगडीने कधी पाहिले नव्हते.

घरातली आघाडी कौसल्यावहिनींची. "माह्या लग्नातले सारे डबे यायनं तलावात बुडवले," त्या मला म्हणाल्या. "पापड ठेवाले जागा नाही, अन् हे देश वाचवून राहिले."

मला डब्यांपेक्षा देशाचं वाईट वाटत होतं. मी पत्रकं वाचत वाढले. आमच्या घरी पाळणा हलवायलाही हातात पत्रक लागे. गावच्या वाचनालयाचं छप्पर उडालेलं असताना सरकारने माणसं मारण्याच्या अवजारांवर पैसा उधळावा, हे मला मान्य नव्हतं, अजूनही नाही. म्हणून मी पत्रक काढलं: 'तोफा नकोत, पुस्तकं द्या!' पहिली प्रत शालिकभाऊंनाच दिली. त्यांनी ती मन लावून वाचली, मग उलटी केली आणि पाठीमागे यंत्राची आकृती काढायला घेतली.

"कागद चांगला जाड हाये," ते म्हणाले. "आणखी दे ना, पत्रकबाई."

तेव्हापासून गावात माझं तेच नाव पडलं.

त्यांचे वडील डोमाजीबाबा मात्र या सगळ्यापासून दूर असायचे. ढिवरांच्या पिढीजात मासेमारीत त्यांच्यासारखा कान कुणाचा नव्हता. डोंग्यात बसून पाण्यात बांबू सोडायचा, वरच्या टोकाला कान लावायचा आणि बोट दाखवायचं. जाळं तिकडे पडायचं. आता कान पार गेले आहेत. शालिकभाऊंनी नागपूरहून कानाची मशीन आणली, तर म्हाताऱ्याने "मी का बुढा झालो का?" म्हणत ती तलावात भिरकावली. तरी रोज काठावर येतात, बांबू पाण्यात सोडतात, कान लावतात, आणि थोड्या वेळाने बांबू बाजूला ठेवतात.

शेवटी यंत्राची पाहणी करायला नौदलाची समिती येणार असं ठरलं. धानाच्या मोसमात शालिकभाऊ गिऱ्हाइकांच्या मोटारी परत पाठवू लागले होते, तेव्हा वहिनींनी निर्वाणीचं सांगितलं: "या खेपेले जमलं तं जमलं. नाही तं पाटी मी उतरवते अन् तुमी मोटारी भरा." शालिकभाऊंनी मान्य केलं. मीही पत्रकांचा गठ्ठा घेऊन तलावावर हजर राहिले. समितीला मी सोडणार नव्हते.

तिघे साहेब आले. मासेमारी सोसायटीतला पांडू शत्रू झाला होता. कमळाचा पोकळ देठ तोंडात धरून तो पलीकडच्या काठावरून पाण्यात शिरला. साहेबांनी पट्टा डोक्याला लावायचा आणि शत्रू कुठे आहे ते सांगायचं, एवढंच काम. मोठ्या साहेबांनी पट्टा हातात घेतलाही. तेवढ्यात शालिकभाऊ त्यांच्या कानाशी लागून काहीतरी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा ते इतकं हळू बोलले की कुणालाच ऐकू गेलं नाही.

साहेब वळले, डोमाजीबाबांसमोर उकिडवे बसले आणि हात जोडून, खुणा करत म्हणाले, "बाबाजी, जरा सुनके बताइए."

म्हाताऱ्याने साहेबांचे बूट पाहिले, मग बिल्ला पाहिला, आणि डोकं पुढे केलं. साहेबांनी स्वतःच्या हाताने पट्टा बसवला.

आधी बाबा नुसते बसून राहिले. मग त्यांचा हात हळूहळू वर गेला आणि पट्ट्यावर घट्ट बसला. "रोहू," ते म्हणाले. "अरे, लय रोहू हायेत." डोळे मिटले, बोट उठलं, एकदा इकडे, एकदा तिकडे. साहेबांनी घड्याळ पाहिलं. दुसऱ्या साहेबांनी पट्ट्याकडे हात केला.

शालिकभाऊ मध्ये आले. "थोडं थांबा, साहेब."

साहेब थांबले. शत्रू थांबला नाही. पांडू बरोब्बर समितीच्या बुटांपाशी पाण्यातून वर आला, देठ थुंकला आणि म्हणाला, "चहा झाला का?"

मोठे साहेब पोट धरून हसले. मग त्यांनी सभ्यपणे चहा घेतला, माझं पत्रकही घेतलं, आणि गेले. यंत्र नापास झालं. मला आनंद व्हायला हवा होता.

पाटी दुसऱ्या दिवशी उतरली. चार शब्द सुनावावेत म्हणून मी तलावावर गेले, तर ती काठावरच्या चिखलात उताणी घातलेली, आणि तिच्यावर डोमाजीबाबा डोक्याला पट्टा लावून बसलेले. शेजारी शालिकभाऊ बॅटरी सांभाळत होते.

"काहून वो भाऊ," मी म्हटलं, "हातचा डाव घालवला. साहेबाले आधी आयकू द्यायचं ना."

त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं. काठावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. तरी त्यांनी आवाज खाली आणला, आणि या वेळी तो खालीच राहिला.

"डॉक्टर म्हणला होता, कान गेले तरी हाडातून आयकू येईल. पण बाबा कोणतीच मशीन घालाले तयार नाही. म्हणे, सरकार पाया पडाले आलं तं पाहू." त्यांनी वायरीचा पीळ सोडवला. "मंग सरकार आणा लागलं."

मी हातातला पत्रकांचा गठ्ठा खाली ठेवला. तरी सवयीने मी पाय आपटत म्हटलं, "पण भाऊ, सैन्याच्या नावानं..."

"चूप ना बे दोघंही," डोमाजीबाबा डोळे न उघडता म्हणाले. "मरळ पिल्लं घेऊन निघाली हाये. तुमच्या पायाची धमधम खाली जाते."

शालिकभाऊंनी माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. आम्ही चपला काढल्या.