निषेधाचा अंतिम मसुदा

खेडजवळच्या एका वाडीतली सात मुलांची शाळा बंद करण्याचा आदेश सरकारने काढला आणि रत्नागिरीतील विचारवंतांना एकत्र येणे भाग पडले. निवृत्त प्राचार्य गंगाराम साळवी यांनी सभा बोलावली. कडक निषेधाचे निवेदन काढायचे, यावर पाच मिनिटांत एकमत झाले.

वाडीतल्या सोनूबाई दोन एसट्या बदलून आल्या होत्या. शाळा गेली तर त्यांच्या नातीला, सानवीला, रोज वहाळाचे पाणी ओलांडून दुसऱ्या गावी जावे लागणार होते. सही कुठे करायची, असे त्यांनी विचारले. साळवी सरांनी अत्यंत आदराने समजावले, की निवेदन विचारवंतांचे आहे, पीडितांचे नाही. सरमिसळ झाली तर वजन कमी होते. सोनूबाई मागे जाऊन बसल्या.

मग मसुदा वाचला गेला. कवयित्री दर्शना मयेकरांचे पुस्तक सरकारी पुरस्काराच्या यादीत होते; त्यांनी 'निषेध'ऐवजी 'खेद' सुचवला. निबंधकार अनिल बेर्डे यांच्या जावयाची बदली मंत्रालयात अडकली होती. त्यांना 'खेद'ही टोकाचा वाटला, 'चिंता' बरी. सरांना एका सरकारी समितीवर नेमणुकीची आशा होती. त्यांनी वाक्याच्या सुरुवातीला 'सरकारच्या सद्हेतूंबद्दल आदर बाळगून' एवढेच जोडले.

सरकारसमर्थक विचारवंतांचेही निवेदन तयार होते. निःपक्षपाती दिसावे म्हणून त्यांनी त्यात थोडी चिंता घातली होती. ताडून पाहता फरक फक्त सह्यांचा निघाला. तेव्हा एकच निवेदन, एका गटाने विरोध म्हणून आणि दुसऱ्याने पाठिंबा म्हणून, जिल्हाधिकारी कार्यालयात दिले.

इकडे सोनूबाई वाडीतल्या बायका घेऊन शाळेच्या पडवीत बसल्या. कुलूप लावायला आलेल्या साहेबांना त्यांनी चहा दिला, दार दिले नाही. नवव्या दिवशी आदेशाला वर्षभराची स्थगिती मिळाली.

संयुक्त निवेदनाच्या या यशाबद्दल रत्नागिरीत सत्कार समारंभ झाला. सत्कारमूर्ती त्रेचाळीस होते. सोनूबाईंना बोलायला दोन मिनिटे दिली.

"सायेब म्हनाले, पुडच्या वर्सापत्तर पोरां वाडली नायत तर शाला जानारच," त्या म्हणाल्या. "तुमची तर आमच्या शालेवर येवडी माया. मग तुमच्यातला कोन आपला नातवंड आमच्याकडं धाडनार, ता सांगा."

प्रश्न किती मार्मिक आहे, हे साळवी सरांनी लक्षात आणून दिले, तेव्हा टाळ्या पडल्या. सर्वांत जास्त वेळ त्या आम्हा सत्कारमूर्तींच्याच रांगेतून वाजत होत्या. आमच्या मुला-नातवंडांची इंग्रजी शाळा सुटायची वेळ झाली, म्हणून थांबवाव्या लागल्या.