शेवटचा स्टॉप ताम्हिणी

रिहे या गावी राहायला आलो त्या पहिल्याच सकाळी मला वाटलं, आपण एसटीत झोपलोय. खिडकीबाहेर कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडत होतं, "चला, भूगाव! भूगाव या खाली! पिरंगुट कुटं हाय? ओ घोटावडे फाटा, सरकून घ्या जरा, एक शीट हुतंय!" मी धडपडत उठलो, उशाशी पिशवी चाचपली, आणि मग लक्षात आलं की आपण स्वतःच्या नव्या घरात, स्वतःच्या पलंगावर आहोत. खिडकीतून पाहिलं तर शेजारच्या ओट्यावर बनियन घातलेला एक उंच, वाळका म्हातारा सात मांजरांना दूधभात वाढत होता.

हे सोपानतात्या. पुण्याहून ताम्हिणीकडे जाणाऱ्या लाल गाडीवर त्यांचा कंडक्टरकीत जन्म गेला. मांजरांची नावं त्याच रस्त्यावरच्या थांब्यांची, आणि तीही क्रमानं. सगळ्यांची आई ती चांदणी चौक, कारण प्रवास तिथून सुरू होतो. मग भूगाव. मग पिरंगुट, हा बोका इतका ऐसपैस की त्याच्याजवळून जायचं तर वळसा घालावा लागतो. घोटावडे फाट्याच्या शेपटीचं टोक दोन रंगांत फुटलंय. पौड तालुक्याचं गाव, म्हणून तिची वाटी आधी भरायची. त्यानंतर माले, आणि सगळ्यात शेवटी जन्मलेली, राखाडी, कायम कडेला बसणारी ताम्हिणी.

तात्या निवृत्त झाले, पण त्यांच्या अंगातली गाडी काही डेपोत गेली नाही. घरातून बाहेर पडताना ते दाराच्या चौकटीवर दोनदा टकटक करतात, मगच पाऊल उचलतात. आणि 'सरकून घ्या' हे तर त्यांचं श्वासासारखं चालूच असतं. लग्नाच्या पंगतीत, भजनाच्या सतरंजीवर, एकदा तर कुणाच्या तेराव्याला. कुणी एकटं उभं दिसलं की तात्यांनी चार माणसं हलवलीच म्हणून समजा.

त्यांना आणखी एक गोष्ट बघवत नाही, ती म्हणजे एकटं जेवणारा माणूस. आणि मी नेमका तसाच. बायको गेल्यापासून मी टीव्हीसमोर ताट घेऊन बसतो आणि बातम्यांवर चिडत जेवतो. दिवेलागण झाली की कुंपणावरून हाक यायची, "पावनं, ताट घिऊन या की हिकडं!" मी म्हणायचो, आज नको तात्या. दोन वर्षं मी हेच म्हणत होतो. मी पुणं सोडून शांततेसाठी आलो होतो, पंगतीसाठी नव्हे, आणि माणसानं आपल्या मतावर ठाम असावं असं मला तेव्हा वाटायचं.

घरात तात्यांच्या जोडीला त्यांची थोरली बहीण, हौसाआक्का. यजमान गेल्यावर भावाकडे आलेल्या. आक्कांना मांजरं आवडत नाहीत, असं त्या स्वतःच सांगतात. त्या त्यांना 'सात भुतं' म्हणतात आणि बोट लावत नाहीत. आक्कांचे नियम कडक. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मी दारात उभा राहून बोलत होतो. आक्का म्हणाल्या, "आत या न्हाईतर भाईर जावा. उंबऱ्यावर टेकायचं न्हाई आमच्यात. बसायचं न्हाई, जेवायचं तर न्हाईच न्हाई." मी निमूट आत गेलो.

दिवाळीनंतर ताम्हिणी आजारी पडली. ताप, डोळे चिकटलेले, अंगाचं नुसतं मुटकुळं. माझ्या गाडीतून आम्ही तिला पुण्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. तात्यांनी डॅशबोर्डवर टकटक केल्याशिवाय मला गाडी काढू दिली नाही. चार दिवस तिला तिथेच ठेवलं, सलाईन लावलं, पायावरचे केस काढले. पाचव्या दिवशी गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा घातलेली ताम्हिणी टोपलीतून घरी निघाली. तात्या वाटेत प्रत्येक थांबा आला की तिला नाव सांगत होते.

दारात आक्का भाकरतुकडा घेऊन उभ्या. टोपलीवरून तो तीनदा ओवाळला, लांब टाकला, दाराबाहेर पाणी ओतलं. मी कौतुकानं बघतोय हे दिसल्यावर म्हणाल्या, "मांजराला न्हाई ववाळलं. दवाखान्याला ववाळलं." आणि पुढचा हुकूम सोडला, "आता आंघुळ. दवाखान्यातनं आल्यालं कुणीबी असू दे, न्हाल्याबिगर घरात घ्यायचं न्हाई."

आमचं चुकलं ते इथे. आपल्याकडे इस्पितळातून आलेल्याला आधी न्हाणीघरात पाठवतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही. भोंगा काढून तात्यांनी ताम्हिणीला कोमट पाण्यानं न्हाऊ घातलं, वर दिवाळीतलं उरलेलं उटणंही लावलं. औषधाच्या वासाखाली तिचा स्वतःचा म्हणून जो काही वास शिल्लक असेल, तो आम्ही तिघांनी मिळून मोरीत सोडला.

अंग वाळल्यावर तिला ओट्यावर आणलं. चांदणी चौक पुढे आली, लेकीला एकदा हुंगलं आणि फिस्स करून मागे सरली. पौडनं पाठ फुगवली. पिरंगुटनं, जो एरवी उंदरासाठीही जागचा हलत नाही, त्यानं उठून तिच्या तोंडावर पंजा मारला. ताम्हिणी जी पळाली ती धान्याच्या खोलीत पोत्यांमागे. "आरं सरकून घ्या! आपलीच हाय की!" तात्या ओरडत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं कुणी ऐकलं नाही.

त्या दिवशी तिनं काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आजार उतरलाय, पण ती घाबरलीय. मांजर असं उपाशी राहिलं तर यकृतावर येतं. आणखी दोन दिवसांत खाल्लं नाही तर परत आणा, पण मग मी खात्री देत नाही. घरातली मांजरं घेत नसतील तर दुसरं घर बघा.

"तेच म्हणतीया मी," आक्का म्हणाल्या. "त्या फार्महाऊसवाल्या बाईंला मांजर पायजेल हाय. दिऊन टाक. निदान जगंल तरी."

तात्या पोत्यांमागे वाकून बघून आले. मग म्हणाले, "शेवटचा स्टॉप हाय म्हनून वाटंतच उतरवायची व्हय?"

मी तोवर मोबाइलवर वाचून तयारी केली होती. चष्मा लावून मी त्यांना समजावू लागलो. तिला त्या खोलीतच ठेवायचं. दार बंद. तिच्याखालचं पोतं बाहेरच्यांना द्यायचं, त्यांचं तिला, म्हणजे वास मिसळतील. आणि मुख्य म्हणजे जेवण. दाराच्या अलीकडे ही मांजरं, पलीकडे ती, एकाच वेळी.

"म्हाईत हाय मला," तात्या म्हणाले.

मला जरा रागच आला. मी तासभर डोळे फोडून वाचलेलं यांना आधीच कसं माहीत? पण तात्यांनी तोवर धान्याच्या खोलीचं दार लोटून घेतलं होतं. सहा वाट्या त्यांनी दारापासून हातभर अंतरावर मांडल्या, सातवी आत ठेवली, आणि मग स्वतःचं ताट आणून तिथेच जमिनीवर मांडी घातली.

"तुम्ही कशाला, तात्या?"

"आत बसल्याला भाईरचं जेवान ऐकू यावं लागतं. सगळी जेवत्यात, आपनच तेवढं आत, आसं न्हाई वाटलं पायजे."

बोलता बोलता ते जरा मोठ्यानंच भाकरी चावत होते. आधी मला हसू आलं. पण संध्याकाळी पुन्हा गेलो तर तात्या तिथेच, आणि आतली वाटी तशीच भरलेली. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. तात्यांचं तोंड उतरलं होतं. त्या दुपारी मी त्या फार्महाऊसवाल्या बाईंचा नंबर शोधून ठेवला, तात्यांना न सांगता.

संध्याकाळी मी आत शिरलो तेव्हा आक्का चुलीपुढून उठत होत्या. त्यांनी आपलं ताट वाढून घेतलं आणि पुटपुटत निघाल्या, "भाईर बसून काय हुतंय? आत कुनी नगं का?" धान्याच्या खोलीचं दार त्यांनी वीतभर उघडलं, अंग चोरून आत गेल्या आणि उंबऱ्याला आतून टेकून बसल्या. उंबऱ्यावर कुणाला उभं न राहू देणाऱ्या आक्का. ताट मांडीवर. दार त्यांनी पाठीमागून ओढून घेतलं.

मी तात्यांकडे पाहिलं. ते भाकरीचा तुकडा हातात धरून दाराकडे बघत होते.

"मी अकरा वर्साचा व्हतो," ते हळू म्हणाले. "छातीचा रोग झाल्ता. आठ महिने दवाखान्यात व्हतो. बरा हून आलो, डॉक्टरनं कागद दिला बरा झाल्याचा. गाडीत बसलो तर शेजारचा मानूस उटून उभा ऱ्हायला. गावातलाच व्हता. घरी आल्यावं भाकरतुकडा ववाळला, आंघुळ घातली, आन ह्याच खोलीत ठिवलं. ताट येगळं, तांब्या येगळा. आई दारातनं ताट सरकवायची आन रडत जायची. मला जेवानच जाईना."

"मग?"

"आक्का चवदा वर्साची. लगीन ठरलेलं तिचं. आई म्हनायची, रोग लागंल, सोयरीक मोडंल. मारलं बी तिला. तरी रोज ताट घिऊन ह्या उंबऱ्यावर येऊन बसायची. मी आत, ती हितं. म्हनायची, सोपाना, जेव, मी बसलीया."

पाहुण्या माणसानं अशा वेळी घरी जावं, पण माझे पाय निघेनात. दारापलीकडून आक्कांच्या बांगड्या वाजल्या. मग त्यांचा आवाज आला. जिला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं तिच्याशी त्या बोलत होत्या.

"जेव बाय. मी बसलीया."

बराच वेळ काही नाही. मग वाटी जमिनीवर घासल्याचा आवाज. आणि लपलप. तात्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला आणि उपरण्यानं डोळे पुसले, उघडपणे, माझ्यासमोर. मीही पुसले.

पुढचे आठ दिवस पोत्यांची अदलाबदल झाली, दार वीतभर, मग हातभर उघडलं गेलं. वाट्या रोज बोटभर जवळ येत गेल्या. पिरंगुट दोनदा फिस्कारला आणि तिसऱ्यांदा कंटाळला. नवव्या दिवशी चांदणी चौकानं ताम्हिणीला हुंगलं, बराच वेळ हुंगलं, आणि तिचा कान चाटायला घेतला. त्या संध्याकाळी सातही मांजरं ओट्यावर एका रांगेत होती, आणि शेवटची वाटी ताम्हिणीची.

आता दार सताड उघडं होतं, त्यामुळे तिथे बसायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी कुंपणावरून पाहिलं तर तात्या त्या खोलीच्या अलीकडे आणि आक्का उंबऱ्याला टेकून पलीकडे, दोघं जेवत होती.

मी घरात आलो. टीव्ही लावला, ताट वाढून घेतलं. मग टीव्ही बंद केला आणि ताट तसंच हातात घेऊन कुंपणाच्या फाटकातून गेलो. दारात जाऊन उभा राहिलो.

आक्कांनी वर पाहिलं. माझ्या ताटाकडे पाहिलं. उंबऱ्याविषयी काही बोलल्या नाहीत.

"सरकून घे रं सोपाना," त्या म्हणाल्या. "पावनं आल्यात."