निरोगी तांड्याचा शून्य

आरोग्य सर्वेक्षणाची स्थानिक माहिती ऑनलाइन शोधावी कशी व वापरावी कशी, या एकदिवसीय प्रशिक्षणाला केनवडकडच्या सेवानगर तांड्याची आशा कार्यकर्ती ज्योत्स्ना पदरमोड करून हजर राहिली. हौस म्हणून नव्हे. तांड्यावरची रुपाबाई सातव्या महिन्यात होती आणि ऊसतोडीहून परतली ती पांढरीफटक होऊन. रक्ततपासणीची गाडी मागवायची तर अर्जाला पोर्टलवरचा आकडा जोडणं सक्तीचं झालं होतं. समोर दिसणारी बाई जोडून चालत नाही.

सकाळ पासवर्डात गेली, दुपार चहात. चार वाजता एकदाचं गाव सापडलं. ज्योत्स्नाने 'रक्तक्षय असलेल्या महिला' या रकान्यावर बोट ठेवलं. शून्य.

"सर, हे चुकलं हाये," ती प्रशिक्षक पवन सरांना म्हणाली. "सर्वे झाला तवा सारा तांडा ऊस तोडाले गेलता. घरांले कुलुपं होती."

"फॉर्मात कुलपाचा पर्याय नाही ना, ताई. बिमार हाये, नाहीतर बिमार नाही. कुलपानं काही तक्रार केली नाही."

"मंग आता दुरुस्त करा."

"करतो. सर्वेच्या दिवशी ती बाई घरी होती, याचा पुरावा आना."

"घरी नव्हती, हेच तं सांगून राह्यली मी."

"मंग ती आपल्या जिल्ह्याची बिमार नाही. कारखान्याच्या जिल्ह्यात मोजतीन तिले."

ज्योत्स्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. असली अक्कल घरी येत नाही, तिला शासकीय प्रशिक्षणच लागतं. अर्ज अर्थातच नामंजूर झाला.

इकडे तो शून्य वरच्या कार्यालयाच्या नजरेत भरला. अख्ख्या तालुक्यात असा तांडा नाही म्हटल्यावर सन्मान सोहळा आलाच, आणि सोहळ्याला एक निरोगी गरोदर माता हवी. तांड्यावर गरोदर एकच होती.

"तिले उभं राहवत नाही, सर," ज्योत्स्ना म्हणाली.

"खुर्ची ठेवू," सोहळ्याची तयारी पाहणारे पवन सर म्हणाले. अडचण सोडवण्यात माणूस पटाईत.

रुपाबाईला खुर्चीत बसवून शाल पांघरली. टाळ्या झाल्या.

"ताई, हे टाळ्या कायले वाजवून राह्यले?" तिने हळूच विचारलं.

"तुले काही झालं नाही म्हणून."

"त्याइले सांग ना, मले गरगरते."

"सांगतलं. त्याइच्यापाशी पोर्टल हाये."

फोटो जिल्हाभरच्या ग्रुपवर पडला, 'आम्हाला अभिमान आहे' असं लिहून. मंडप उतरायच्या आत रुपाबाई खुर्चीतच कलंडली. ज्योत्स्नाने जीप करून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्ताच्या दोन पिशव्या पाहिजेत, आत्ता. कुठल्याही गटाचा माणूस चालेल, बदल्यात देणारा आणा.

ज्योत्स्नाने त्याच ग्रुपवर, त्या फोटोखालीच, मेसेज टाकला. दवाखान्याचं नाव, आपला नंबर, सारं नीट लिहिलं. मग ती फोन हातात धरून बाकड्यावर बसली. अर्धा तास गेला, फोन वाजला नाही.

तेव्हा तिने आकडे काढले. आता येत होते तिला. फोटोला सहाशे बारा अंगठे. रक्ताच्या मेसेजला उत्तर एकही नाही. वाचला मात्र पाचशे चाळीस जणांनी, नावं आणि वेळेसकट. ती एकेक नाव वाचत खाली गेली.

तुमचं होतं त्यात. सहा वाजून दहा मिनिटं.